माळा झाडला, टेबल तसंच

निपाणीतल्या माझ्या ओळखीच्या एका मुद्रकांनी लग्नसराईच्या तोंडावर अख्खा रविवार घालवून कॉम्प्युटर ‘रिकामा’ केला. पाच-सहा वर्षांच्या लग्नपत्रिकांचे नमुने, गणेश मंडळांचे अहवाल, वाढदिवसांच्या डिजिटल बोर्डांसाठी आलेले फोटो असं सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं. रिसायकल बिन ओतून टाकला. सी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. सोमवारी सकाळी पत्रिका जुळवायचं कोरल उघडायला घेतलं, तर ते शनिवारी जितका वेळ घेत होतं तितकाच वेळ घेऊन उघडलं. दुपारी त्यांचा फोन आला: “लई मोकळं केलं बघा, तरी गडी हालंना.”

आज कॉम्प्युटर आहे त्याच खोलीत पूर्वी त्यांच्या वडिलांचं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाई यंत्र होतं. त्यामुळे त्यांना समजावणं मला सोपं गेलं. खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून मजकूर जुळवायचा, तो गॅलीत, म्हणजे उथळ तबकात यायचा आणि गॅली टेबलावर. टेबलावर मावतील तेवढ्याच गॅल्या. जास्तीचं काम आलं की एखादी गॅली दोऱ्यानं बांधून माळ्यावर चढवायची आणि लागली की पुन्हा खाली उतरवायची. कॉम्प्युटरमध्येही असंच टेबल असतं आणि असाच माळा असतो. टेबल म्हणजे रॅम, माळा म्हणजे हार्ड डिस्क. फरक एवढाच की लाइट गेली की हे टेबल आपोआप कोरं होतं, म्हणून तर सेव्ह न केलेली पत्रिका पुन्हा करावी लागते. माझ्या मित्रानं रविवारी माळा झाडून लख्ख केला होता. टेबलाला कुणी हातच लावला नव्हता.

घोटाळा शब्दाचा आहे. मोबाईल हातात आल्यापासून ‘मेमरी फुल्ल’ म्हणजे फोटो ठेवायला जागा नाही, असा अर्थ घराघरात रुजला. दुकानात जाऊन ‘मेमरी किती?’ विचारलं तर एक जण सांगतो ४ जीबी, दुसरा सांगतो ५०० जीबी. दोघंही खरं बोलत असतात. एक टेबलाचं माप सांगतो, दुसरा माळ्याचं. जुनं मशीन बहुतेक वेळा टेबल अपुरं पडल्यामुळे अडतं, आणि लोक झाडत बसतात माळा. माळा अगदीच गच्च भरला तर त्याचाही त्रास होतो, कारण विंडोजला अडीअडचणीला तिथली थोडी जागा लागते. दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवली की त्या बाजूचा प्रश्न मिटतो. पण निम्मी डिस्क रिकामी असताना आणखी रिकामी करून वेग वाढत नाही.

टेबल आणि माळा यांच्यात अंतर किती, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तेच काम करायला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, कारण तिथे खरोखर एक सुई सरकते आणि तबकडी तिच्याखाली फिरून यावी लागते. हा फरक एक लाख पटींचा आहे. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर माळ्यावरचा कागद यायला जवळजवळ २८ तास लागतील. तेवढ्या वेळात माणूस बेळगावाहून पायी निघून, संकेश्वरला रात्रीचा मुक्काम करून, तवंदीचा घाट उतरून निपाणीत पोचेल. कोरल उघडताना पडद्यावर जे निळं चक्र गरगरतं, तेव्हा आत कुणीतरी असं चालत निघालेलं असतं.

टेबल लहान असताना मोठं भासवण्याची युक्ती १९६२ सालची आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटानं ‘अ‍ॅटलस’ नावाचा संगणक उभा केला. त्याची मुख्य स्मृती १६ हजार शब्दांची होती, आजच्या मापात ९६ केबी, म्हणजे आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या एका चित्राएवढी. जोडीला ९६ हजार शब्दांचा फिरता ड्रम होता. त्यांनी स्मृतीचे ५१२ शब्दांचे तुकडे पाडले, त्यांना नाव दिलं ‘पेज’, आणि लागेल ते पान ड्रमवरून आत, नको ते बाहेर अशी ने-आण यंत्रावरच सोपवली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटायचं, सगळी जागा एकसंधच आहे. छापखान्यातला माणूस ‘पान’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वेगळं काही असतं, पण इथे शब्द चपखल बसतो. आज तुमच्या-माझ्या मशीनमध्येही तेच चाललेलं असतं, पानं फक्त ४ केबीची झाली. ४ जीबी रॅम म्हणजे अशी १० लाखांवर पानं. माळ्याचा जो कोपरा विंडोज या ने-आणीसाठी राखून ठेवतं, त्याला ‘पेज फाइल’ म्हणतात.

युक्ती उत्तम आहे, पण ती एका मर्यादेपर्यंतच चालते. त्या मर्यादेपलीकडे काय होतं ते पीटर डेनिंग या एमआयटीतल्या तरुण संशोधकानं १९६८ साली मांडलं. प्रत्येक चालू कामाला कुठल्याही क्षणी ठरावीक पानं हाताशी लागतात. सगळ्या चालू कामांची मिळून गरज टेबलात मावते तोवर ठीक. ती टेबलाबाहेर गेली की एक पान आत आणायला दुसरं काढावं लागतं, आणि काढलेलं पान पुढच्याच क्षणी लागतं. मग सगळा वेळ ने-आणीतच जातो. जुळारी दिवसभर गॅल्या चढवतो-उतरवतो, खिळा एकही जुळवत नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. १९९८ साली बेळगावात स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणारी मुलं हा शब्द परीक्षेपुरता पाठ करतात, आणि तिथून दोन-चार किलोमीटरवरच्या एखाद्या डीटीपीवाल्याला तो शब्द माहीत नसतो, पण अनुभव रोजचा असतो.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हा वेग हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतो. कोरल आणि ब्राउझर चालू असेपर्यंत सारं सुरळीत. वर एक पीडीएफ उघडली की माउसही हलत नाही. आपण पीडीएफला दोष देतो. ती बिचारी शेवटची काडी. आणि हीच आशेचीही बाजू आहे. टेबलावरून एखाद-दुसरी गोष्ट कमी केली तरी गेलेला वेग तितकाच एकदम परत येतो. जुन्या कॅबिनेटवर लहानसा लाल दिवा असतो, तो डिस्कचा. आपण काहीच करत नसताना तो सतत जळत असेल, तर समजावं की टेबल भरलं आहे आणि आत जिन्यावर धावपळ चालली आहे.

म्हणून काहीही उडवण्याआधी टेबलाकडे एकदा पाहायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहावी, आणि प्रोसेसेसमध्ये मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारावी, म्हणजे सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येतो. काम मंदावलेलं असताना मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर दुखणं टेबलाचं. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र १०० टक्के दिसत असेल, तर अपडेट, अँटिव्हायरस किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क. हे दोन मिनिटांचं काम कुणी करत नाही. ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला मात्र खडेबाजारापासून निपाणीच्या स्टँडपर्यंत फुकट मिळतो.

आता आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचं म्हणून एक खास दुखणं. इथल्या डीटीपीवाल्याचं मशीन जुनं असतं ते केवळ पैशामुळे नाही. त्याची अक्षरं जुनी असतात. पत्रिका मराठीत, जमिनीच्या उताऱ्याचा अर्ज कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत, आणि सगळं एकाच खुर्चीवर बसून. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम, कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेची नुडी. वीस वर्षांची कामं पेजमेकरमध्ये साठलेली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. तिला युनिकोडमधलं, म्हणजे आजच्या सर्वमान्य संकेतातलं देवनागरी येत नाही, त्यामुळे जुने फॉन्ट सोडता येत नाहीत आणि जुनं मशीनही मोडीत घालता येत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला ‘नवीन घ्या ना’ म्हणणं सोपं आहे.

मग मशीन चालू होताच घड्याळाशेजारी श्रीलिपी, आयएसएम, नुडी अशी मंडळी हजर होतात. खरं सांगायचं तर कीबोर्डचे हे प्रोग्रॅम तसे मिताहारी असतात, टेबलाचा एखादा कोपरा अडवतात. खरा भार त्यांच्यासोबत आलेल्या फॉन्टांचा. शेकडो फॉन्ट एकदम बसवून ठेवलेले असतात, त्यातले वापरात पंधरा. कोरल किंवा पेजमेकर उघडताना त्या सगळ्यांची हजेरी घेत बसतं. नको असलेले फॉन्ट एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवावेत आणि एखादं जुनं काम उघडायचं झालं तरच तेवढे बसवावेत. नुसत्या या एका कामानं कोरल उघडायचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झालेला मी पाहिला आहे.

नव्या कामांसाठी तर वेगळा कीबोर्ड प्रोग्रॅम लागतच नाही. २००१च्या एक्सपीपासून विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, आणि त्याची एक गंमत आमच्या भागातल्या लोकांनाच कळावी अशी आहे. इनस्क्रिप्टची आखणी भारतीय लिप्यांच्या समान वर्णमालेवर केलेली आहे. १९८६ साली ती केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवली, १९९१ साली भारतीय मानक झाली. त्यामुळे ज्या बटणावर मराठीचा ‘क’ येतो, त्याच बटणावर कन्नडचा ‘क’ येतो. ‘ळ’ दोन्हींकडे एकाच जागी. एका भाषेत बोटं बसली की दुसरी जवळपास फुकट पदरात पडते. या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाट्यांवरून भांडणं झाली, कीबोर्डवर मात्र दोन्ही लिप्या एकाच बटणावर गुण्यागोविंदानं नांदतात.

फॉन्टांइतकंच लक्ष द्यावं ते टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपकडे. कधीकाळी बसवलेल्या प्रिंटरचा मदतनीस, मोबाईल जोडायला घेतलेला प्रोग्रॅम, मीटिंगची अ‍ॅप, दोन-दोन अँटिव्हायरस, सगळे सकाळी न बोलावता येऊन टेबलाशी बसतात. जे रोज लागत नाहीत ते तिथे डिसेबल करावेत. प्रोग्रॅम उडत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस एकच ठेवावा. दोन ठेवले तर प्रत्येक फाइल दोनदा हुंगली जाते.

दिवसभर सर्वांत जास्त टेबल अडवतो तो ब्राउझर. क्रोम २००८ साली आलं तेव्हापासून वेगवेगळ्या टॅबसाठी वेगवेगळी प्रोसेस चालवतं, म्हणजे एक साइट कोलमडली तरी बाकीच्या वाचतात. या सुरक्षेची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. सरकारी पोर्टल, बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, वर मागे चालू ठेवलेलं भजन, असे दहा-बारा टॅब ४ जीबीच्या मशीनला पुरे होतात. अलीकडच्या क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आहे, तो न वापरलेले टॅब झोपवतो. तो चालू ठेवावा. भजनाला मोबाईल आहे.

आता बंद करण्याविषयी. आमचे दुकानदार संध्याकाळी दिवाबत्ती करून शिस्तीत ‘शट डाउन’ करतात आणि समजतात की मशीन रोज ताजं होतं. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तसं राहिलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय चालू असली की शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत टेबलावर मांडतं. सुरू व्हायला वेळ कमी लागतो, पण आठवडाभरात एखाद्या ड्रायव्हरनं सांडलेला कचराही तसाच परत येतो. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र सगळं पुसून नव्यानं सुरू होतं. म्हणजे नावं उलटी वाटतील, पण पक्कं बंद करायचं तर रीस्टार्ट. आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, एवढं पुरतं.

आणि ‘रॅम क्लीनर’? नकोच. १९९५ साली अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. आमची डिस्केट घाला, रॅम दुप्पट होईल, असा दावा. लाखो प्रती खपल्या. तपासलं तर विंडोज ९५ साठीची आवृत्ती मेमरी वाढवतच नव्हती. १९९६ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीला चाप लावला. आजचे क्लीनर इतके उघड फसवत नाहीत. ते चालू प्रोग्रॅमांची पानं टेबलावरून जबरदस्तीनं उचलायला लावतात. आकडा झटकन खाली येतो, बरं वाटतं. पुढच्याच मिनिटाला त्या प्रोग्रॅमांना तीच पानं लागतात आणि परत जिन्यावर धावपळ. शिवाय टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ म्हणून जो मोठा आकडा दिसतो, तो कचरा नसतो. मोकळी जागा पडून राहण्यापेक्षा पुन्हा लागण्याजोग्या फायली विंडोज तिथे मांडून ठेवतं आणि कुणाला जागा हवी झाली की लगेच सोडतं. रिकामं टेबल हे काही चांगल्या छापखान्याचं लक्षण नव्हे.

निपाणीच्या मशीनकडे परत. मी टास्क मॅनेजर उघडायला सांगितला आणि मेमरीचा आकडा वाचायला लावला. २ जीबी. बिलावर मात्र ४ जीबी लिहिलेलं. दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या, त्यातली एक दिसतच नव्हती. निपाणी तंबाखूचं गाव, वखारींच्या आसपास हवेतच बारीक भुकटी असते. बेळगावात उद्यमबागेत फौंड्र्यांची धूळ तेच काम करते. धूळ पंख्यात बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. रॅमच्या खाचेत बसली की पट्टीचा संपर्क सुटतो. वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवून, पट्ट्या काढायच्या, सोनेरी दातांवरून शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, खाच ब्रशनं झाडायची आणि टक आवाज येईतो पट्ट्या दाबून बसवायच्या. त्यांच्या मुलानं हे केलं. ४ जीबी दिसायला लागले. इतके महिने अर्धं टेबल घडी घालून भिंतीला टेकवलेलं होतं.

तरीही ४ जीबी आज कमीच. २००१ साली विंडोज एक्सपीची किमान गरज ६४ एमबी होती, २०२१च्या विंडोज ११ची ४ जीबी. वीस वर्षांत चौसष्ट पट. रॅम वाढवायची तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मशीनला डीडीआर३ लागते की डीडीआर४. दोघींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दुसरी, विंडोज ३२ बिटचं आहे की ६४. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीपलीकडचं टेबल दिसत नाही, त्यातलंही प्रत्यक्षात तीन-साडेतीनच वापरता येतं. अशा मशीनमध्ये ८ जीबी घालणाऱ्या दुकानदाराला एवढं एक विचारून पाहावं.

आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, मशीनमध्ये ४ जीबी असतील आणि माळा अजून तबकडीचा असेल, तर माझा कौल एसएसडीला. तिथे सुई नाही, तबकडी नाही. मघाच्या हिशेबात २८ तासांची पायपीट सतरा मिनिटांवर येते. टेबल तेवढंच राहतं, पण माळा खोलीच्या शेजारी येतो आणि थ्रॅशिंगचा डंख निघून जातो. राहता राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला. ज्या मशीनवर ११ चढत नाही, त्यावर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकावी. पत्र लिहायला, पोर्टल उघडायला ती पुरते. कोरल आणि पेजमेकरवर पोट असणाऱ्यानं मात्र तिच्या नादी लागू नये.

माझ्या मित्रानं शेवटी एसएसडी बसवली, विंडोज आणि कोरल तिच्यावर घेतलं, फॉन्ट आवरले, आणि पेजमेकरची जुनी कामं एका दुसऱ्या, त्याहून म्हाताऱ्या मशीनवर नेऊन त्याची नेटची वायर काढून टाकली. जुनी हार्ड डिस्क आत तशीच ठेवली, साठवणीला. त्या रविवारी हलवलेले पत्रिकांचे सगळे नमुने तिच्यावर परत आणले. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की पहिल्यांदा तेच मागतं, गेल्या वर्षीच्या पत्रिका दाखवा म्हणून.